आधी किती तापतो ते बघ

स्वतःच्या हाताने जोडलेला पहिला पीसी ज्या रात्री सुरू होतो, ती रात्र कुणीच विसरत नाही. माझा सुरू झाला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. हॉलमध्ये पेपर पसरलेले, त्यावर मदरबोर्डचं खोकं, खोक्यावर मदरबोर्ड आणि शेजारी आमटीच्या वाटीत सुटे स्क्रू. पहिल्यांदा बटण दाबलं तर काहीच झालं नाही. आई म्हणाली, "गेले पैसे!" मग लक्षात आलं, पॉवर सप्लायच्या मागचा खटकाच बंद होता. दुसऱ्यांदा पंखे फिरले, स्क्रीनवर बायोस उमटलं आणि मी घरभर ओरडत सुटले.

दुसऱ्याच दिवशी मी त्या बायोसमध्ये परत शिरले. कारण तिथे एक आकडा होता, ४४. मला तो ४६ करायचा होता.

या आकड्याला मल्टिप्लायर म्हणतात. मदरबोर्ड प्रोसेसरला साधारण १०० मेगाहर्ट्झचा एक ठेका देतो आणि प्रोसेसर त्याला या आकड्याने गुणतो. ४४ असेल तर ४.४ गिगाहर्ट्झ, ४६ केला तर ४.६. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गेमिंगचा नाद असलेल्या कुणालाही विचारा, 'फुकटचा परफॉर्मन्स' म्हणून तो याची तारीफ करेल. दोनदा की दाबायची, सेव्ह करून रीस्टार्ट करायचं, झालं. एक रुपया लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना लगेच सुरुवात करता येईल. तुमचा पीसी पहिलाच असेल, घरात तेवढा एकच असेल आणि त्याच मशीनवर गेमही खेळायचे असतील आणि सबमिशनही करायची असतील, तर निदान पहिले सहा महिने तो ओव्हरक्लॉक करू नका. आणि पुढे कधीतरी ओव्हरक्लॉक करता यावा म्हणून आत्ता जास्तीचे पैसे तर मुळीच मोजू नका. मी दोन्ही केलं. म्हणून हे लिहितेय.

ओव्हरक्लॉकिंग हा मूर्खपणा आहे असं मी म्हणत नाही. एके काळी तो मध्यमवर्गीय पोरांचा हक्काचा जुगाड होता. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याचा मल्टिप्लायर साडेचारला लॉक होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून वेग ३००. पण मदरबोर्डवर बस १०० मेगाहर्ट्झची केली की तोच प्रोसेसर ४५० वर धावायचा, आणि बऱ्याच जणांचा धावलाही. स्वस्तातल्या चिपमधून दीडपट वेग! तेव्हाच्या महागड्या पेंटियमशी तो टक्कर देत होता. 'ओव्हरक्लॉकिंग म्हणजे फुकट' ही ख्याती तिथली आहे, आणि त्या काळापुरती ती खरीही होती.

मग बदललं काय? तर ही फुकटची मलई आता कंपनीच काढून घेते. २००८ मध्ये इंटेलच्या पहिल्या कोअर आय-सेव्हनबरोबर टर्बो बूस्ट आलं. नंतर एएमडीच्या रायझनमध्ये प्रिसिजन बूस्ट आलं. तापमान, करंट आणि किती कोअर कामात आहेत, हे बघून प्रोसेसर आता स्वतःच क्षणाक्षणाला वेग वरखाली करतो. म्हणजे तुम्ही खोकं उघडता तेव्हाच तो जवळपास ओव्हरक्लॉक झालेला असतो. सगळ्या कोअरना हाताने एकच वेग ठरवून दिला, तर एकाच कोअरवर पडणाऱ्या कामात तो आधीपेक्षा हळू चालण्याचीही शक्यता असते. कारण एकट्या कोअरला तो मूळ सेटिंगमध्ये आणखी वर नेत होता, ती सूट आपणच काढून घेतो.

चिपमधली शेवटची ताकद पिळून काढायला गेलं की काय होतं, याचं उदाहरण २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम क्रॅश व्हायला लागले. हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, हे अखेर कंपनीने मान्य केलं. ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे अपडेट आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण ज्या चिपचं नुकसान आधीच झालं होतं, ती अपडेटने बरी होणार नव्हती. ज्यांनी ती चिप बनवली, त्यांचाही व्होल्टेजचा अंदाज चुकू शकतो. मग यूट्यूबवरचा बारा मिनिटांचा व्हिडिओ बघून १.३५ टाकायचं की १.४, हे ठरवणाऱ्या आपली काय कथा?

आता फायद्याचा हिशेब करू. ४४ वरून ४६ म्हणजे साडेचार टक्के. सगळा भार प्रोसेसरवर असेल, तर जिथे १०० फ्रेम मिळत होत्या तिथे जास्तीत जास्त १०४ मिळतील. पण आपल्या बजेटमधल्या पीसीवर, फुल एचडीवर ग्राफिक्स 'हाय' ठेवून खेळताना घाम ग्राफिक्स कार्डाला फुटलेला असतो. प्रोसेसर बिचारा त्याची वाट बघत बसलेला असतो. तो कितीही जोरात पळवला तरी फ्रेम तेवढ्याच राहतात. त्यातून मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. कोपऱ्यातला आकडा ९० वरून ९४ झाला तरी डोळ्यांना मिळायचं ते साठच.

वेग म्हणजे फक्त गिगाहर्ट्झ नव्हे, हे सांगणारं आणखी एक उदाहरण आहे. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे त्याच्याच घरातल्या साध्या ५८००एक्सच्या ४.७ पेक्षा कमी. वर कंपनीने मल्टिप्लायरही लॉक केलेला. तरीही बहुतेक गेममध्ये तो ५८००एक्सच्या पुढे गेला, कारण त्याच्यावर ३२ ऐवजी ९६ एमबी कॅश बसवली होती. ज्या आकड्यासाठी आम्ही रात्री जागवल्या, तो आकडा कमी असलेली चिप जिंकली.

आता पैशांचं बघू. माझं बजेट होतं ६५ हजार. त्यातले निम्मे मी दोन वर्षं नववी-दहावीच्या ट्यूशन घेऊन साठवलेले, निम्मे बाबांचे. कल्याणहून निघून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घालायची, असे माझे चार रविवार गेले. दर दुसऱ्या दुकानात "भावासाठी बघताय का?" हा प्रश्न ठरलेला. या घासाघिशीत मी एक निर्णय घेतला, 'पुढे ओव्हरक्लॉक करणारच आहे, तर बोर्ड आणि कूलर तगडा घेऊ.' त्यात सात हजार जास्तीचे गेले. ते भरून काढायला ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घेतलं आणि यूपीएस 'नंतर बघू' म्हणून सोडून दिला. म्हणजे ज्या गोष्टीने गेम खरोखर सुधारला असता आणि जिने मशीन वाचलं असतं, त्या दोन्ही मी साडेचार टक्क्यांसाठी विकल्या.

तुम्हीही खरेदीला निघाला असाल तर हा सापळा ओळखा. इंटेलमध्ये मल्टिप्लायर खुला असलेला प्रोसेसर हवा तर नावाच्या शेवटी 'के' असलेला घ्यावा लागतो, तो महाग. त्याला 'झेड' मालिकेतला बोर्ड लागतो, तोही महाग. मग दोघांना थंड ठेवायला मोठा कूलर आणि तगडा पॉवर सप्लाय. एएमडीमध्ये बहुतेक रायझन खुले असतात आणि 'बी' मालिकेतल्या मधल्या बोर्डवरही काम होतं, पण कूलरचा खर्च तिथेही चुकत नाही. या फरकाच्या पैशांत ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं येत असेल, तर उत्तर तुमच्यासमोरच आहे.

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. मी रोज बायोसमध्ये काय खाटखूट करते, हे एकदा त्यांनी विचारलं. मी सविस्तर समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "किती पळतो ते नंतर बघ. आधी किती तापतो ते बघ." मी मनात म्हटलं, बाबा, हा बसचा रेडिएटर नाही हो.

बाबांचं म्हणणं भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही आहे. चिप काम करताना जी वीज खाते, ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाढीव वेगावर प्रोसेसर स्थिर राहावा म्हणून मी व्होल्टेज दहा टक्के वाढवलं होतं. आता गुणाकार करा, १.१ गुणिले १.१ गुणिले १.०४५. उत्तर जवळपास १.२६. साडेचार टक्के वेगासाठी सव्वीस टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णताच.

आणि ही उष्णता जाणार कुठे? कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मी ज्यांचे व्हिडिओ बघत होते, ते एसी लावलेल्या २२ अंशांच्या खोलीत बसून ७० अंश दाखवत होते. माझी खोली वरच्या मजल्यावरची, डोक्यावर तापलेला स्लॅब, एप्रिलची दुपार आणि पारा ३८ वर. तोच कूलर, तोच भार, पण खोली सोळा अंश जास्त गरम म्हणजे प्रोसेसरही तेवढाच जास्त गरम. ७० चे ८६ होतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या दोस्तांना तर मे महिन्याबद्दल मी सांगायलाच नको.

आता जे घडलं ते सांगते. ४६ वर मी दहा मिनिटं बेंचमार्क चालवला, पास. तीन आठवडे गेम खेळले, काही झालं नाही. 'माझी चिप भारी निघाली' असं ग्रुपवर मिरवूनही झालं. मग आलं मिनी प्रोजेक्टचं सबमिशन. आम्ही चौघं. सगळ्यांचं काम एकत्र करायची जबाबदारी माझी, कारण 'हिच्याकडे सगळ्यात फास्ट मशीन आहे'. आदल्या रात्री दोनच्या सुमारास फाइल सेव्ह होत असतानाच स्क्रीन काळी झाली आणि पीसी रीस्टार्ट झाला. लाइट गेले नव्हते, पंखा फिरत होता. पुन्हा सुरू केल्यावर फोल्डर जागेवर होतं, पण मुख्य फाइल उघडेना. बॅकअप चार दिवसांपूर्वीचा.

रात्री सव्वादोनला तिघांना फोन करून उठवणं काय असतं, ते मला विचारा. एक मैत्रीण फक्त एवढंच म्हणाली, "माझ्या जुन्या लॅपटॉपवर हळू झालं असतं गं, पण झालं असतं." सकाळपर्यंत जमेल तेवढं पुन्हा उभं केलं. मार्क कापले गेले ते चौघांचे. ओव्हरक्लॉक केला होता मी एकटीने.

हे ओव्हरक्लॉकमुळेच झालं कशावरून, असं कुणीतरी विचारेलच. मीही विचारलं होतं. आकडा परत ४४ केला, व्होल्टेज पूर्ववत केलं, बाकी कशालाही हात लावला नाही. तसा रीस्टार्ट पुन्हा एकदाही झाला नाही.

ओव्हरक्लॉकिंगचा खरा धोका हा आहे. प्रोसेसर जळेल ही भीती जुनी झाली. फार तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो, तरीही नाही भागलं तर बंद पडतो. जास्त व्होल्टेजने त्याचं आयुष्य घटतं, आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान कंपन्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत, हेही खरं. पण त्याहून वाईट म्हणजे 'जवळपास स्थिर' मशीन. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा नीट चालणारं आणि शंभराव्या वेळी नेमकं दगा देणारं. गेम क्रॅश झाला तर आपण दोन शिव्या हासडतो आणि पुन्हा सुरू करतो. पण त्याच मशीनवर प्रोजेक्ट असतो, भावंडांच्या प्रवेशाचे फॉर्म असतात, घरातले फोटो असतात. हौशी लोकांकडे ओव्हरक्लॉक करायला वेगळं मशीन असतं. आपल्याकडे असतं ते एकच, आणि त्यावर अख्खं घर विसंबून असतं.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा. 'यातूनच तर शिकायला मिळतं!' मान्य, शंभर टक्के मान्य. व्होल्टेज, उष्णता, वेग यांचं नातं मला लेक्चरमध्ये जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांत कळलं. पण शिकायचंच असेल तर क्रमाने शिकू. मी आकडा वाढवला तेव्हा आधीचं तापमान किती होतं, हेही मला माहीत नव्हतं. त्याला प्रयोग म्हणत नाहीत, मटका म्हणतात.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांत काय करायचं ते सांगते. पहिलं, मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही तर ग्राफिक्स कार्डला जोडलीय ना, हे बघा. हसू नका, हा गोंधळ भलेभले करतात. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये तो १४४ वरच आहे ना, तेही बघा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच खाचांत बसवा, म्हणजे ड्युएल चॅनल चालेल.

दुसरं, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग तपासा. खोक्यावर ३२०० लिहिलेली रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वर चालत असते. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो हे प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती पूर्ण वेग देत नाही. तांत्रिकदृष्ट्या हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, त्यामुळे चालू केल्यावर मेमटेस्ट लावून रात्रभर तपासा. पण ज्या वेगाचे पैसे मोजलेत तो वेग मिळवण्यासाठी ही एवढी एक खटपट सार्थकी लागते.

तिसरं, एक वही करा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर रिकामं असतानाचं आणि खेळतानाचं तापमान बघा, त्या दिवशी खोलीत किती गरम होतं तेही लिहा. डिसेंबरमध्ये लिहा, मेमध्ये लिहा. दर दोन-तीन महिन्यांनी जाळीवरची धूळ झटका. त्याने तापमान किती उतरतं, तेही वहीत टाका.

चौथं, खेळायचंच असेल तर उलट दिशेने खेळा. बऱ्याच प्रोसेसर-बोर्डवर व्होल्टेज किंचित कमी करायची सोय असते. तिला अंडरव्होल्टिंग म्हणतात. वेग तोच, उष्णता कमी, पंख्याचा आवाज कमी. इथेही जास्त ओढलं तर मशीन अस्थिर होतं, म्हणून एका वेळी एकच बदल, थोडा-थोडा, आणि प्रत्येक बदलानंतर काही तासांची चाचणी. त्याआधी बायोस मूळपदावर कसं आणायचं, म्हणजे सीमॉस क्लिअर कसं करायचं, हे मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा. आणि सबमिशनच्या आठवड्यात कशालाच हात लावू नका.

सहा महिन्यांनी त्या वहीत तुमच्या मशीनचे सगळे ऋतू लिहिलेले असतील. तेव्हाही खुमखुमी असेल तर खुशाल आकडा वाढवा. तोपर्यंत आपण काय मिळवतोय आणि काय पणाला लावतोय, हे तुम्हाला नेमकं माहीत असेल. किंवा जुन्या बाजारातून एखादा अनलॉक्ड प्रोसेसर आणि त्याचा बोर्ड उचला आणि त्यावर हवा तो छळ करा. २०२२ मध्ये काही ओव्हरक्लॉकर्सनी द्रवरूप हेलियम ओतून इंटेलचा प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला. तो विक्रम बघून मलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण त्या मशीनवर दुसऱ्या दिवशी कुणाचं सबमिशन नव्हतं.

माझा आकडा आज ४४ आहे. सात हजारांचा तगडा बोर्ड-कूलर निवांत बसून असतो. नव्या ट्यूशनच्या पैशांतून पहिला आला तो यूपीएस. परवा बाबा खोलीत आले, स्क्रीनच्या कोपऱ्यातलं तापमान बघून म्हणाले, "एकाहत्तर. ठीक आहे ना?" मी वही उघडून दाखवली. मागच्या एप्रिलमध्ये ते ८८ होतं. बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.